वाद्य स्वस्त, कान महाग

पत्र्याची किंवा पितळेची नळी, सहा भोकं, टोकाला फुंकायचं तोंड. टिन व्हिसल एवढीच. रॉबर्ट क्लार्क नावाच्या इंग्रज कारागिराने १८४३ मध्ये ती पत्र्यापासून बनवायला घेतली आणि गोरगरिबांच्या खिशाला परवडणारं वाद्य आयर्लंडभर पोचलं. फुंकलं की सूर लागतो, त्यामुळे चार दिवसांत ‘वाजवता येतं’ असा समज होतो. गडबड इथूनच सुरू होते.

आयर्लंडच्या पबमध्ये टेबलाभोवती वादकमंडळी जमतात, त्याला सेशन म्हणतात. ते खुलं असतं, मोकाट नव्हे. फिडल म्हणजे व्हायोलिन; फिडलवाल्याने एखादी रील, म्हणजे नाचाची जलद धून, उचलली की ज्यांना ती पाठ आहे तेच सामील होतात. बाकीचे वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. समोर कागद नसतो. धून दोन भागांची, प्रत्येक भाग दोनदा, असे बहुधा तीन फेरे. मग म्होरक्या नुसत्या भुवया उंचावतो आणि मध्ये न थांबता दुसरी धून सुरू होते. व्हिसलवाल्याला यात दम घ्यायलाही आयती जागा नसते. एखादा सूर गाळून ती करावी लागते. कुठला गाळायचा, यातच सगळी मेख. वरच्या सप्तकात तर जोरात फुंकल्याशिवाय सूरच लागत नाही, म्हणजे चूक अख्ख्या पबला ऐकू जाते!

नवख्याला थांबायला सांगणं हा शिष्टपणा, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. शिकाऊंसाठी संथ लयीची सेशन्स ठिकठिकाणी चालतात. क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मॅलबे गावात पाइपवादक विली क्लॅन्सीच्या नावाने १९७३ पासून उन्हाळी शाळा भरते: दिवसा वर्ग, रात्री पबमध्ये वादन. कानाने शिकायची सोय आहे, फक्त घाई करून चालत नाही.

आणि पबमधलं हे सेशन प्राचीन वगैरे मुळीच नाही. पूर्वी हे संगीत घरात आणि चव्हाट्यावर, नाचासाठी वाजायचं. सार्वजनिक नाचाला परवाना सक्तीचा करणारा १९३५ चा कायदा आला आणि त्याचा बडगा घरगुती नाचांवरही पडला. पुढे पोटापाण्यासाठी लंडनला गेलेल्या आयरिश मजुरांनी भाड्याच्या खोलीत जागा नाही म्हणून पब गाठला. पबमधलं सेशन रुजलं ते असं, विसाव्या शतकाच्या मध्याला.

त्यामुळे पबच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोंपेक्षा बसण्याची रीत जपायला हवी. पबमालकाने दोघातिघा वादकांना पैसे देऊन बसवावं, त्यात वावगं काही नाही; फुकट वाजवून दुसऱ्याचा गल्ला का भरायचा? पण डब्लिनच्या टेम्पल बारसारख्या पर्यटकी भागात माइक आला की घोळका मोडतो. वादक एकमेकांऐवजी गिऱ्हाइकांकडे तोंड करून बसतात आणि परगावाहून व्हिसल खिशात घालून आलेल्याला शिरायला फटच उरत नाही. निदान आठवड्यातून एक रात्र तरी माइक बंद ठेवायला काय हरकत आहे?