न दिसणारं दुखणं

बालमित्रांनो, पायात काटा रुतला की तुम्ही "आई गं!" म्हणून ओरडता. आई धावत येते, काटा काढते आणि संध्याकाळी तुम्ही लगोरी खेळायला मोकळे! काटा दिसतो, रक्त दिसतं, म्हणून कुणी शंका घेत नाही. पण काटाच नाही आणि तरी रोज दुखतंय, असं कुणी म्हणालं तर?

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं 'माझी आई' या निबंधात लिहिलं होतं, 'आईचं सगळं अंग दुखतं, पण रिपोर्टमध्ये काहीच येत नाही. आजी म्हणते, नाटकं करते.' गुण द्यायचे राहिले बाजूला, मी विचारातच पडले. तिच्या आईला फायब्रोमायाल्जिया होता.

नाव लांबलचक आहे, फोड करून पाहा. फायब्रो म्हणजे तंतू, मायो म्हणजे स्नायू, अल्जिया म्हणजे वेदना. पण गंमत अशी, की या आजारात स्नायू खराब होत नाहीत, सांधेही झिजत नाहीत. म्हणून तर एक्स-रेत तो सापडत नाही! बिघाड असतो वेदनेचे निरोप पोचवणाऱ्या मज्जासंस्थेत. टीव्हीचा आवाज कुणी मोठा करून ठेवावा आणि तो कमीच होऊ नये, तसं.

२००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा आजार असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूची चित्रं घेतली. इतरांना जेवढं दुखायला बराच जोर लागला, तेवढंच आजारी माणसांना कितीतरी कमी जोरानं दुखलं. मेंदूतले वेदनेचे बरेचसे भागही दोघांचे सारखेच जागे झाले. आता मेंदू काय नाटक करणार?

शिवाय रात्रभर झोपूनही थकवा जात नाही. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, तेही कधी कधी लक्षात राहत नाही.

एका गोळीनं हा आजार जात नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. औषधं डॉक्टर ठरवतील. ते सगळ्यात जास्त भर देतात तो व्यायामावर. दुखणाऱ्या माणसानं व्यायाम? हो, पण थोडा थोडा. या आठवड्यात पाच मिनिटं चालायचं, पुढच्या आठवड्यात सात. खरा धोका बऱ्या दिवशी असतो. आज बरं वाटतंय म्हणून आई एका दिवसात माळा आवरते, गोधड्या धुते, चकल्याही तळते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळते. अशा वेळी तिला मधेच खाली बसवायचं काम तुमचं! "अजून दुखतंय का?" असं दहादा विचारण्यापेक्षा "पाणी मी भरू?" असं एकदा विचारा. मिठी मारायची तर हळू हं, कधी कधी तीही दुखते. आणि हा आजार स्पर्शानं पसरत नाही, तुमच्या दंग्यामुळे तर मुळीच होत नाही.

पालकांनो, हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो, पण किशोरवयातल्या मुलामुलींनाही होतो. अंगदुखी आणि थकवा कित्येक आठवडे हटत नसेल, तर 'अभ्यास टाळायची कारणं' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. निदान झालं तर शाळेत जरूर सांगा. प्रार्थनेला बसू देणं, तासाच्या मधे उठून चार पावलं चालू देणं, पुस्तकं वर्गातच ठेवून दप्तर हलकं करणं, हे आम्हा शिक्षकांना सहज जमतं. आम्हाला कळलं मात्र पाहिजे.