हस्तदागिने ऑनलाइन : बाजार मोठा, श्रम स्वस्त

टेराकोटा, मणी, रेशमी धाग्यांचे दागिने घरी घडवून ऑनलाइन विकणाऱ्या महिलांपुढील खरा प्रश्न ग्राहकांचा नसून किमतीचा आहे. समजा, कर्णफुलांचा जोड ३०० रुपयांना विकला गेला. त्यातून साहित्याचे ९०, डबी व कुरिअरचे ६० आणि १५ टक्के कमिशनचे ४५ रुपये वजा जाता हाती १०५ रुपये उरतात. जोड घडवण्यास तीन तास लागले असल्यास मजुरी पडते ताशी अवघी ३५ रुपये. यंत्रनिर्मित मालाशी स्पर्धा करताना पहिला बळी जातो तो या मजुरीचाच.

कायद्याची चौकटही अरुंद आहे. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून माल विकणाऱ्यांना, उलाढाल कितीही कमी असली तरी, नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली; पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच. परिणामी, कोल्हापूरच्या कारागिराला या संकेतस्थळांवरून दूरच्या नागपूरला माल विकता येतो. शेजारच्या बेळगावला मात्र नोंदणीविना नाही. नोंदणी केल्यास विवरणपत्रांचा खर्च वाढतो. तो खर्च आणि स्वतःचे श्रम किमतीत धरले जात नाहीत, तोवर वाढती विक्री ही वाढती कमाई ठरणार नाही.