बीजगणित ओंजळीत कधी येणार?

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तरी त्या पाण्याला आपला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. हक्क कागदावर असणं वेगळं आणि ओंजळीत येणं वेगळं, हे महाडनेच देशाला शिकवलं.

आज तोच फरक मुलांच्या गणिताच्या वहीत दिसतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पुस्तक फुकट, प्रवेश सर्वांना. पण आठवीत ‘बैजिक राशींचे अवयव’ हा धडा येतो आणि पोलादपूरच्या वाडीवस्तीवरून चालत येणारी मुलं तिथेच अडकतात. क्ष² + ५क्ष + ६ : गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या शोधा, असं फळ्यावर सांगितलं जातं. पण का शोधायच्या? उत्तर नाही. पाठ करा! महाड शहरात फी भरून क्लासला जाणाऱ्याला निदान दुसऱ्यांदा विचारता येतं. वाडीवरच्या मुलीने कोणाला विचारायचं?

हे ‘का’ जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून दाखवता येतं. साडेपाच सेंटिमीटर बाजूचा एक चौरस कापा, तो क्ष². साडेपाच लांब, एक रुंद अशा ५ पट्ट्या, त्या क्ष. एक सेंटिमीटरचे ६ छोटे चौरस. आता मुलांना सांगा, या १२ तुकड्यांचा एकच आयत करा, फट राहता कामा नये. छोटे चौरस १ × ६ असे लावले तर ७ पट्ट्या लागतात, आपल्याकडे ५ च आहेत. २ × ३ लावले की आयत पुरा होतो. त्याच्या बाजू मोजा : (क्ष + २) आणि (क्ष + ३). हेच अवयव. गुणाकार ६ का, बेरीज ५ का, हे डोळ्यांना दिसतं. तथागतांनी धम्माबद्दल सांगितलेलं ‘एहिपस्सिको’, म्हणजे या आणि पाहा, ते गणितालाही लागू आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, पोर्शन पुरा होत नाही. पण न समजलेला पोर्शन पुरा होऊन कोणाचं भलं झालं? दुसरा जास्त धोकादायक आहे : ‘यांना हाताचंच काम जमतं, तुकडे ठीक आहेत.’ ही वर्णव्यवस्थाच आहे, हात एकाचे आणि डोकं दुसऱ्याचं! पुठ्ठा ही पायरी आहे, मुक्काम नव्हे. तुकड्यांवरून वहीतल्या चौकटीवर आणि चौकटीवरून नुसत्या अक्षरांवर प्रत्येक मूल पोहोचलंच पाहिजे. वजा चिन्ह आलं की पुठ्ठा अपुरा पडू लागतो, तिथे अक्षरांचीच गरज मुलांना पटते. म्हणून ही पद्धत ‘कच्च्या’ मुलांसाठीची सवलत नाही, कारण जाणून घेण्याचा प्रत्येकाचा हक्क आहे.

महाडपासून जवळच लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. त्याच्या दारापर्यंतची वाट याच आठवीच्या धड्यातून जाते. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकांनी पुढच्या बैठकीत ‘का’ शिकवण्याची मागणी करावी. विहारातल्या अभ्यासिकांनी तर मागणीचीही वाट पाहू नये. कात्री आणि पुठ्ठा कुठल्याही घरात आहे.

जय भीम!