मदरबोर्ड गेलाय म्हणे!

"मदरबोर्ड गेलाय." मराठीत सध्या सगळ्यात स्वस्तात मिळणारं निदान कुठलं असेल तर हे. डॉक्टरांच्या "व्हायरल आहे"चा हा सख्खा भाऊ. फरक एवढाच, की व्हायरल चार दिवसांत आपोआप बरं होतं आणि मदरबोर्ड गेलाय म्हटलं की माणूस त्याच संध्याकाळी ईएमआयवर नवा लॅपटॉप घेऊन घरी येतो. जुना माळ्यावर जातो. तिथून दोन दिवाळ्यांनंतर भंगारवाल्याकडे.

माझा राग आहे तो या वाक्यावर. आणि त्याहून जास्त राग आहे ते वाक्य मुकाट्याने ऐकून घेणाऱ्या आपल्या जमातीवर, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या आयटीवाल्या पब्लिकवर.

बघा ना. हापिसात सर्व्हर पाच मिनिटं बंद पडला तर आपण काय काय करतो! रात्री दोनला कॉल, लॉग काढा, शेवटचा बदल कुणी केला ते शोधा, दुसऱ्या दिवशी 'रूट कॉज' लिहून द्या. त्यात कुणी "सर्व्हर गेला, नवा घ्या" एवढंच लिहिलं तर मॅनेजर त्याला फाडून खाईल. आणि तोच माणूस शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभा राहून "मदरबोर्ड गेलाय सर" हे ऐकतो आणि विचारतो काय? "नवीन केवढ्याला पडेल?" अरे, कशावरून गेलाय? काय तपासलं? कुठपर्यंत चालू होतोय? काही नाही. चिडीचूप.

यात आपल्या शिक्षणाचाही वाटा आहे म्हणा. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये आमच्याकडून लोखंडाचा तुकडा कानस मारून मारून चौकोनी करून घेतला. हाताला फोड आले. पण चार वर्षांत एकदाही कुणी कॉम्प्युटर उघडून "ही रॅम, काढ आणि परत बसव" असं म्हटलं नाही. कॉम्प्युटर इंजिनियरिंगची डिग्री आहे बरं का ती. असो.

आता ताजं उदाहरण. आमच्या मावशीचे यजमान, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, चिंचवडला असतात. त्यांचा २०१४ सालचा जाडजूड काळा लॅपटॉप. त्यात सोसायटीचे बारा वर्षांचे हिशेब, मुलाच्या मुंजीचे फोटो, आणि मुख्य म्हणजे आजीच्या आवाजात मावशीने रेकॉर्ड केलेल्या जात्यावरच्या ओव्या. आजी २०१९ मध्ये गेली. त्या ओव्यांची दुसरी कॉपी कुठेही नव्हती. पावसाळ्यात काका-मावशी महिनाभर गावी गेले होते, परत येऊन बघतात तर पडदा काळा. पंखा फिरतो, दिवा लागतो, बाकी काही नाही. सर्व्हिस सेंटरने (नाव नको) दोन दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, मदरबोर्ड गेलाय, साडेअठरा हजार, त्यापेक्षा नवा घ्या. शिवाय एक फॉर्म पुढे केला: डेटा गेल्यास आमची जबाबदारी नाही, सही करा. काकांनी नशिबाने सही केली नाही. मला फोन केला. "अरे, तू कॉम्प्युटर इंजिनियर ना? बघ की जरा."

इथे थोडं तांत्रिक सांगतो. "लॅपटॉप चालू होत नाही" ही एक तक्रार नाहीच मुळी. त्या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि सगळा खेळ 'गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत पोचली' हे ओळखण्याचा आहे. दिवासुद्धा लागत नसेल तर प्रश्न विजेचा: चार्जर, त्याची पिन, बॅटरी. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा असेल तर वीज पोचली आणि पुढे अडलं. कंपनीचा लोगो दिसतो आणि मग "बूट डिव्हाइस सापडत नाही" असं येत असेल तर प्रोसेसर, रॅम, पडदा हे सगळं जिवंत आहे. मशीनला फक्त डिस्क किंवा डिस्कवरची सुरुवातीची जागा सापडत नाहीये. आणि विंडोज अर्धं येऊन लटकत असेल, तर बिचाऱ्या मदरबोर्डाचं नाव घ्यायचं काही कारणच नाही, आधी डिस्क आणि विंडोज तपासा.

बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःची हजेरी घेतं. तिला पॉवर ऑन सेल्फ टेस्ट म्हणतात, थोडक्यात पोस्ट. या हजेरीत कुणी गैरहजर निघालं तर पडद्यावर लिहायची सोय अजून झालेली नसते, म्हणून ते बीप वाजवतं किंवा दिवा लुकलुकवतं. काकांच्या मशीनचा कॅप्स लॉकचा दिवा एका ठरावीक लयीत लुकलुकत होता. तो मशीनचा तक्रारअर्ज होता! किती लुकलुकाटांचा काय अर्थ हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल उघडलं, उत्तर आलं: मेमरी. दोन दिवस ठेवून घेणाऱ्यांनी हा दिवा मोजला नव्हता.

चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं (उरलीसुरली वीज निघून जाते, कित्येक मशीन एवढ्यावरच उठून बसतात). मग मागचं झाकण उघडून रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसली. शास्त्रशुद्ध मंडळी म्हणतील आयसोप्रोपिल अल्कोहोल वापर. बरोबर आहे, पण घरात शाळकरी पोरगं असलं की खोडरबरच आधी सापडतं. एकेक पट्टी लावून बघितली. दुसऱ्या पट्टीला लोगो आला. महिनाभर बंद घरात, दमट हवेत संपर्क खराब झाला होता, बाकी काही नाही. पुसल्यावर दोन्ही पट्ट्या चालल्या.

पण लोगोनंतर काय? "बूट डिव्हाइस सापडत नाही." इथे दुसरा एखादा म्हणाला असता, हार्ड डिस्क पण गेली. बायॉसमध्ये जाऊन पाहिलं तर डिस्क छान दिसत होती, तारीख मात्र लॅपटॉपच्या जन्माच्याही आधीची! म्हणजे आतली ती बटणासारखी छोटी बॅटरी, सीआर२०३२, संपली होती. मोठी बॅटरी केव्हाच मेलेली, लॅपटॉप प्लगवरच जगत होता. गावी जाताना काकांनी शिस्तीत प्लग काढला आणि बायॉस सगळं विसरलं. मूळ सेटिंगवर गेल्यावर ते नव्या पद्धतीने, युईएफआयने, विंडोज शोधू लागलं, आणि काकांचं विंडोज बसवलेलं होतं जुन्या 'लेगसी' पद्धतीने. दोघं एकाच घरात, पण एकमेकांना ओळखेनात. एक सेटिंग बदललं, नवी छोटी बॅटरी टाकली, विंडोज आलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. सगळ्यात आधी ओव्यांच्या दोन कॉप्या केल्या, मग चहा.

आता तुम्ही म्हणाल, "बाबा रे, तुला हौस आहे. माझा वीकेंड महाग आहे." हा युक्तिवाद मी दर आठवड्याला ऐकतो आणि तो मला पटत नाही. आपला वीकेंड किती महाग असतो ते मॉलच्या पार्किंगच्या रांगेत दिसतंच. आणि नवा लॅपटॉप घेण्यात वेळ जात नाही असं कोण म्हणतं? चार दिवस रिव्ह्यू बघायचे, मग डेटा हलवा, पासवर्ड शोधा, प्रिंटर परत जोडा...

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: काही मशीन खरंच मेलेली असतात. मान्य. पाणी सांडलं असेल तर चालू करून बघण्याचा मोह टाळा. बॅटरी फुगली असेल तर हातच लावू नका, ते जाणकाराचं काम. जुन्या हार्ड डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर त्याच क्षणी बंद करा, आणि "चेकडिस्क चालवून बघ" म्हणणाऱ्या मित्राला घराबाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कवर आधी कॉपी करायची असते, दुरुस्ती नंतर. आणि हो, मदरबोर्डही जातो. पण गेलेला मदरबोर्डसुद्धा अनेकदा एखाद्या शॉर्ट झालेल्या कपॅसिटरपायी गेलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत मल्टिमीटर आणि हॉट एअर घेऊन बसलेले लोक तो नेमका कपॅसिटर शोधून बदलतात. ते 'अधिकृत' नसतात. अधिकृत लोक अख्खा बोर्ड बदलतात, कारण त्यांना तेवढंच शिकवलेलं असतं आणि त्यातच पैसा असतो.

या तापकीर गल्लीतल्या कारागिराला बोर्डाचा नकाशा बहुतेक कंपन्या देत नाहीत. सुटे भाग देत नाहीत. तो बिचारा कुठून कुठून फायली मिळवतो, मेलेल्या बोर्डांवरून चिप काढून वापरतो. भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, चांगलं केलं. पण पोर्टलवर माहिती टाका म्हणणं वेगळं आणि भाग व नकाशे द्यायला कायद्याने भाग पाडणं वेगळं. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देशच काढला. आपल्याकडे दुरुस्तीची परंपरा त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनी, मिक्सरपासून छत्रीपर्यंत सगळं दुरुस्त करणारा देश आपला, आणि हक्क मागायला आपणच मागे.

दरम्यान लॅपटॉप जास्त जास्त पातळ होत चाललेत. पातळ म्हणजे काय, तर रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली. काकांच्या लॅपटॉपवर मी केलं ते अशा मशीनवर करताच येत नाही; तिथे रॅम गेली म्हणजे खरोखर मदरबोर्ड गेला! म्हणजे आधी जे खोटं निदान होतं ते कंपन्यांनी डिझाइन करून खरं केलं. आणि आपण ते 'स्लीक' म्हणून जास्त पैसे देऊन विकत घेतो. च्यायला, कमाल आहे.

वर आणखी एक. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मुदतवाढ दिली तीही एका वर्षाची. म्हणजे उत्तम चालणारी मशीन कॅलेंडरवरच्या एका तारखेने म्हातारी झाली. सुरक्षेचे अपडेट हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचं उत्तर नवं मशीनच हे कुणी ठरवलं? काकांच्या लॅपटॉपला मी एसएसडी लावली आणि लिनक्स मिंट टाकला. दोन दिवस काका "माझं एक्सेल कुठे गेलं" म्हणून कुरकुरले. मग लिब्रेऑफिसात सोसायटीचा हिशेब उघडला, बेरीज जुळली, कुरकुर थांबली. मावशीचं म्हणणं एवढंच, की आता चालू व्हायला इतका कमी वेळ लागतो की चहा ठेवायला उसंत मिळत नाही.

नव्या मशीनवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे डिस्क बहुतेक एन्क्रिप्ट केलेली असते. २०२४ च्या विंडोज ११ पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. चोरीपासून छान संरक्षण. पण बोर्ड बदलला किंवा कधी बायॉसमध्ये हात घातला, की ते अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागणार. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही तुमच्या 'ओव्या' गेल्या. की कुठे आहे ते आज बघा, कागदावर छापा, कपाटात ठेवा. ज्या लॅपटॉपला ती लागणार आहे त्याच्याच डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवलेले महाभाग मी पाहिलेत.

आणि सर्व्हिस सेंटरला गेलातच, तर तीन गोष्टी विचारा: दिवा किती वेळा लुकलुकतो, बाहेरचा मॉनिटर लावून पाहिलात का, एकेक रॅम काढून पाहिलीत का. उत्तर देताना समोरचा आत कुणाला तरी विचारायला गेला तर लॅपटॉप उचला आणि निघा. त्या सही करायच्या फॉर्मआधी डिस्क काढून मागा. ती तुमची आहे, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये दोन-चार स्क्रूंवर असते.

ज्यांना स्क्रूची भीती वाटते त्यांनी एखाद्या शनिवारी माझ्याकडे घेऊन यावा. फुकट बघून देईन, चहा तुमचा. फक्त येताना चार्जर आणा. लोक लॅपटॉप आणतात आणि चार्जर घरी ठेवून येतात, आणि पहिला संशयित तर तोच असतो.