अफवेचा तास सगळ्याच विषयांचा

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत. दोन्ही वेळा मे महिना, तेच शहर, तसाच धूर. उद्या जुना फोटो ताजा म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तर आठवीतल्या मुलीने तो ओळखायचा कसा?

हे शिकवण्याचे काम संगणकाच्या शिक्षकांवर ढकलून शाळांना मोकळे होता येणार नाही. फोटो कधीचा, कुठला, कोणी काढला, हे प्रश्न इतिहासाच्या साधनांचेच आहेत. शून्याऐवजी पन्नासापासून सुरू होणारा स्तंभालेख किरकोळ वाढ डोंगराएवढी दाखवतो. त्याची चिरफाड गणिताच्या तासाला व्हावी. मराठीच्या तासाला बातमी आणि अग्रलेख शेजारी ठेवून तथ्य कुठे संपते, मत कुठे सुरू होते हे मुलांनी शोधावे. अग्रलेख आमचा घेतला तरी हरकत नाही.

महाराष्ट्राने अफवांची किंमत मोजली आहे. धुळ्याच्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील गडचिंचलेत १६ एप्रिल २०२० रोजी तिघांचा बळी गेला.

केरळात कन्नूरच्या जिल्हा प्रशासनाने २०१८ मध्येच सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायला शिकवणारा ‘सत्यमेव जयते’ हा उपक्रम सुरू केला. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या शिक्षण विभागांनी नव्या पाठ्यपुस्तकाची वाट का पाहावी? जूनमधल्या शिक्षक प्रशिक्षणात प्रत्येक विषयाचा असा एकेक पाठ बसवता येईल.