कात्री लावण्यापूर्वी

आमच्या बुऱ्हाणपुरात सध्या जुन्या फोटोंचे फार कौतुक चालले आहे. शाही किल्ला, जामा मशीद, असीरगड यांची काळी-पांढरी चित्रे सकाळीच मोबाईलवर येतात, खाली कुणीतरी ‘काय ते दिवस!’ असे लिहितो आणि दुपारपर्यंत ती गावभर फिरलेली असतात. यात वाईट काहीच नाही. परंतु हेच सद्गृहस्थ घर रंगवायला काढले की माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडतात, आतले फोटो चाळतात, ‘यातले ओळखू तरी कोण येते?’ असे म्हणतात आणि पेटी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर जाते. मला भांडायचे आहे ते या माणसांशी. भांडण्याचा अधिकार मला कितपत आहे, ते पुढे येईलच.

गावाला ही सवय जुनीच म्हणायची. १६३१ साली मुमताज महल इथे वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते ठेवले आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेले. त्या काही महिन्यांच्या मुक्कामावर आम्ही चारशे वर्षे होत आली तरी गावाची ओळख सांगतो आहोत. त्याच सुमारास गुजरात-दख्खनेत भीषण दुष्काळ पडला होता. त्यात मेलेल्या विणकरांची, कुणब्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. तेव्हा कॅमेरा नव्हता, हे त्या पिढ्यांचे निमित्त. आपले निमित्त कोणते?

आता माझी गोष्ट. आमच्या घरी एक फोटो होता, १९५६च्या दिवाळीतला. आजोबा इथे तहसील कचेरीत कारकून आणि धाकटे आजोबा अकोल्याला मास्तर. तोवर दोन्ही गावे एकाच राज्यात, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबरला राज्ये बदलली. अकोला मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले, कचेरीची कागदपत्रे भोपाळकडे वळली. त्याच आठवड्यात दिवाळी होती. अकोल्याची मंडळी आली आणि आजोबांनी फोटोवाल्याला घरी बोलावून वाड्याच्या चौकात सगळ्यांना उभे केले. आता आपली राज्ये दोन, म्हणून. आजोबा तसे चिक्कू गृहस्थ. फोटोवर पैसे घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तरीही घातले. दोन प्रती काढल्या, एक इथे ठेवली, एक अकोल्याला दिली.

१९९४ साली मला नोकरी लागली. पहिल्या पगारातून वडिलांना काहीतरी द्यावे म्हणून मी तो फोटो स्टुडिओत नेला. आजी-आजोबांचे तेवढेच एक चित्र होते. ते मोठे करून, रंग भरून, काचेच्या चौकटीत घालायचे होते. स्टुडिओवाला म्हणाला, ‘सर, साइडवाले हटा दूँ?’ मी ‘हो’ म्हणालो. इतिहास विषयात एम. ए. झालेला मी, ‘हो’ म्हणालो. त्याने मूळ फोटोच कापला.

चौकट घरी आणली. वडिलांनी ती बराच वेळ हातात धरली आणि एवढेच विचारले, ‘जिजी कुठे आहे?’

जिजी म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आजी सतत आजारी, तेव्हा माझ्या वडिलांना वाढवले ते जिजीने. फोटोत ती अंगावर आलवण घेऊन अगदी कडेला, माजघराच्या दाराशी उभी होती. शुभ दिवशी विधवेने मध्ये उभे राहायचे नाही, हा तेव्हाचा दंडक. तिच्या बाजूला शेजारचे विणकर चाचा. त्यांचा हातमाग आमच्या भिंतीला लागून होता. समाजाने ज्यांना कडेला उभे केले होते, त्यांना अडतीस वर्षांनी मी कात्रीने बाहेर काढले. स्टुडिओवाल्याला काय दोष द्यायचा? त्याने विचारले होते.

म्हणून सांगतो, ‘मोबाईलमध्ये काढून ठेवला आहे, आता कागद कशाला?’ या युक्तिवादाचा मला राग येतो. मोबाईलमध्ये काढताना तुम्ही कडा कापता, मागची बाजू टिपत नाही. मागेच तर स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते, कधी कुणाचे अर्धवट पुसलेले अक्षर असते. पाठवता पाठवता चित्र बारीक होते, मोबाईल बदलला की तेही जाते. दुसरे भक्त लॅमिनेशनवाले. ते फोटोला कायमचे प्लास्टिकमध्ये पुरतात. आणि ते चिकट पानांचे अल्बम! त्यांचा डिंक पिवळा पडतो आणि फोटो काढू गेले तर फाटतो. साधा कागदी लिफाफा, कोरडी जागा आणि मागे मऊ पेन्सिलीने नावे. याला खर्च किती? बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो.

गेल्या वर्षी मी नववीच्या मुलांना घरातला सर्वांत जुना फोटो आणि त्यातल्या माणसांची नावे आणायला सांगितली. फोटो आले, नावे आली नाहीत. आली ती पुरुषांची. बायकांपुढे ‘आजी’, ‘दादी’, ‘मामाची आई’. एक गंमत मात्र झाली. एका विणकराच्या, एका केळीवाल्याच्या आणि एका किराणा दुकानदाराच्या आजोबांच्या अंगावर तोच एक चौकडीचा कोट निघाला! स्टुडिओतला कोट, ज्याला हवा त्याने घालावा. तीन घरांची मुले एका बाकाभोवती जमून हसत होती. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा काहीच न आणता बसला होता. म्हणाला, ‘सर, आमच्याकडे फक्त दादाजींच्या रेशन कार्डावरचा आहे, तो आई काढू देत नाही.’ त्या आईने योग्य तेच केले.

त्यानंतर मी अकोल्याला पत्र टाकले. चुलतभावाने त्यांच्याकडची प्रत शोधून पाठवली. जिजी दाराशी उभी आहे, एक हात चौकटीवर. मागे आजोबांच्या अक्षरात सगळ्यांची नावे ओळीने लिहिली आहेत. चाचांचेही पूर्ण नाव आहे. शेवटी ‘व जिजी’, इतकेच.

तिचे खरे नाव माझ्या वडिलांनाही सांगता येत नव्हते. आता वडीलही नाहीत. मी पेन्सिलीने खाली जागा कोरी सोडली आहे. अकोल्याच्या काकू ऐंशी ओलांडून गेल्या आहेत, पण त्यांना जुने आठवते असे भाऊ म्हणतो. भाऊबीज झाली की सकाळच्या गाडीने निघणार आहे.