रविवारी हरिहरच्या पायऱ्यांना हात लावू नका

पाऊस लागला आहे आणि येत्या शनिवार-रविवारचे बेत ठरू लागले आहेत. नाशिक, ठाणे, मुंबई, पुण्याहून दोघं-दोघं मित्र पहाटे बाईकवर निघतात, दिवसभरात हरिहर करतात आणि रात्री घरी पोचतात. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी हरिहरच्या पायऱ्या चढू नका. तरीही गेलात आणि पायऱ्यांवर रांग दिसली, तर पहिल्या पायरीला हात न लावता माघारी फिरा.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हा गड साधारण 1,120 मीटर उंच. निरगुडपाड्याकडून चढून पठारावर आलं की समोर उभ्या कातळात खोदलेल्या पायऱ्या दिसतात. चढ जवळपास ऐंशी अंशांचा. पायरीच्या दोन्ही कडांना बोटं रुतवायला खोबण्या कोरलेल्या आहेत. 1818 मध्ये इंग्रजांनी मराठ्यांचे गड ताब्यात घेतले, तेव्हा कितीतरी गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. इथल्या पायऱ्या वाचल्या आणि आजही त्यांच्याकडे पाहून ऊर भरून येतो. त्या घडवणाऱ्या पाथरवटांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण त्यांनी काय साधलं ते नीट समजून घ्या. शत्रूचे कितीही लोक चालून आले तरी महादरवाज्यापाशी एका वेळी एकच पोचावा, अशी ही वाट आहे. गर्दी अडवण्यासाठी केलेल्या वाटेवर आपण दर रविवारी गर्दी चढवतो आहोत.

मग काय होतं? चढणारे आणि उतरणारे मध्यावर समोरासमोर येतात. बाजूला व्हायला जागा नसते. एकाच खोबणीत दोघांची बोटं, वरच्याच्या बुटाचा चिखल खालच्याच्या कपाळावर. पायऱ्यांवरून पाणी वाहत असतं आणि शेवाळलेल्या कडेवर रबरी तळवासुद्धा धरत नाही. वर कुणीतरी घाबरून बसकण मारतं आणि सगळी रांग थांबते. चवड्यांवर तसंच ताटकळत राहिलं की आधी पोटऱ्या थरथरतात, मग गुडघे लटलटतात, बोटांची पकड ढिली होते. अशा वेळी वरच्या एकाचा पाय सुटला, तर त्याच्या खाली त्याच उभ्या रेषेत असलेले सगळे त्याच्या वाटेत येतात. तुम्ही कितीही सराईत असा, तुम्ही कितीही जपून पाय टाका, तुमचा जीव वरच्या अनोळखी माणसाच्या चपलेवर अवलंबून असतो. म्हणून 'आम्ही नेहमीचे ट्रेकर आहोत' हे उत्तर इथे पुरत नाही.

दरवाज्यापाशी पोचलात म्हणजे सुटलात असंही नाही. पुढे कातळात आडवी खोदलेली वाट आहे, वरून कातळाचं छत, दुसऱ्या बाजूला दरी. त्यापुढे पुन्हा उभ्या पायऱ्या. हर्षेवाडीकडची वाट सोपी म्हणून लोक तिकडून येतात. चाल सोपी आहे खरी, पण शेवटी पायऱ्या त्याच.

दोघांनीच जाणाऱ्यांना एक जास्तीचं सांगायचं आहे. मोठ्या गटात निदान एखादा म्होरक्या असतो, थांबा म्हणणारा. दोघांमध्ये कुणी म्होरक्या नसतो. एकाचे डोळे पांढरे झालेले असतात, पण मित्र काय म्हणेल म्हणून तो बोलत नाही. दुसऱ्याला ते दिसत असतं, तरी तो म्हणतो, "अरे चल ना, काही होत नाही." हे वाक्य डोंगरावर फार महागात पडतं. गाडी काढण्याआधीच एकमेकांना शब्द द्या, की दोघांपैकी कुणीही 'परत फिरू' म्हणालं तर दुसरा का म्हणून विचारणार नाही. चिडवणारही नाही, नंतर चारचौघांत सांगणारही नाही. आणि मित्राला खाली बसवून 'मी पटकन वर जाऊन येतो' असं तर कधीच करू नका. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

कुणी पडलं तर काय, हेही ऐका. 112 ला फोन लागला तरी मदत पोचायला तास जातात. सगळ्यात आधी धावतात ती पायथ्याच्या पाड्यांवरची माणसं, हातातली भातलावणी सोडून. मागून बचावपथकांचे स्वयंसेवक दोर आणि स्ट्रेचर घेऊन येतात, तेही आपापली नोकरी-धंदा सांभाळून. निसरड्या वाटेवरून जखमीला खांद्यावर उतरवायचं आणि मग चाळीस-पन्नास किलोमीटरवर नाशिक गाठायचं. या माणसांवर ती वेळ आणू नका.

हरिहर पाहूच नका, असं आम्ही कसं म्हणू? डिसेंबर-जानेवारीत, मधल्या वारी, सकाळी लवकर या. तेव्हा कातळ कोरडा असतो, पायऱ्या मोकळ्या असतात, वरच्या तळ्याकाठी निवांत बसता येतं आणि वैतरणेचं पाणी लांबवर चमकताना दिसतं. चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम कातळावर ठेवा. उतरताना तोंड कातळाकडे करा. सॅक पाठीला घट्ट बांधा, हातात पिशवी, छत्री, मोबाईल काही नको. सेल्फी दरवाज्यात पोचल्यावर काढा. खाऊची पिशवी बाहेर लोंबू देऊ नका, माकडं ऐन पायऱ्यांवर झडप घालतात.

बस भरून लोक आणणाऱ्या आयोजकांना हात जोडून सांगणं आहे: पावसाळ्याच्या शनिवार-रविवारचे हरिहरचे कार्यक्रम आजच रद्द करा, घेतलेले पैसे परत करा. वनविभागाला आणि ग्रामपंचायतींना विनंती, की पायऱ्यांखाली माणूस उभा करून वर जाणारे आणि खाली येणारे आळीपाळीने सोडा. पाऊस कोसळत असेल तर वाट सरळ बंद ठेवा. तिथे कुणी अडवलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो तुमच्याच जिवासाठी उभा आहे.

या शनिवारी निघायचं ठरलं असेल, तर आत्ता मित्राला फोन करा आणि बेत हिवाळ्यावर ढकला.